लॅम्प्रीचा साचा, एच५चं कुलूप : प्रकल्पाच्या नोंदी

१२ मे २०२५

प्रकल्प अखेर ठरला. जबडा नसलेल्या लॅम्प्री माशाच्या प्रतिपिंडाचा, म्हणजे जंतूला चिकटून धरणाऱ्या बचावाच्या रेणूचा, साचा घ्यायचा, त्याची पकडणारी बाजू बदलत बदलत बर्ड फ्लूच्या एच५ प्रथिनाला धरणारा रेणू शोधायचा, आणि तो दूध तपासायच्या पट्टीवर बसवायचा. हातात मिशिगनचा उन्हाळा आणि पानगळीचे काही आठवडे.

माझा हट्ट औषधाचा होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तो मोडून काढला. माशाचं प्रथिन माणसाच्या रक्तात गेलं की शरीर त्यालाच परकं ठरवून त्याच्यावर उठेल, आणि ते शमवण्यात माझी पीएचडी संपून जाईल. पट्टीला ही अडचण नाही. रात्री विचार केल्यावर पटलं. २००६ मध्ये आमच्या नवापूरला कोंबड्या मरू लागल्या तेव्हा औषध कोणी मागत नव्हतं. आमच्या अंगणात जमलेली माणसं एकच विचारत होती : हा रोग कोणता?

१५ मे

दूध का, हे एकदा लिहून ठेवते. मार्च २०२४ मध्ये टेक्सास आणि कॅन्ससच्या गोठ्यांतल्या गाईंमध्ये एच५एन१ सापडला. त्याआधी या विषाणूसाठी गाईकडे कोणी फारसं बघत नव्हतं. तो कासेत वाढतो. गाय दूध आटवते, आलेलं दूध चिकासारखं घट्ट आणि पिवळट होतं. पाश्चरीकरणाने विषाणू निकामी होतो, पण गोठ्यात कच्चं दूध चाटणाऱ्या मांजरी मेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात इथे मिशिगनमध्ये गोठ्यावर काम करणाऱ्या दोघांना लागण झाली. डिसेंबरपासून अमेरिकेच्या कृषी खात्याने कच्च्या दुधाची देशभर तपासणी सुरू केली. ती पीसीआरने होते, म्हणजे नमुना प्रयोगशाळेत जाऊन निकाल परत यावा लागतो. आम्हाला गोठ्यातच, दूध काढल्या काढल्या उत्तर हवं आहे.

आमच्याकडे जिवंत विषाणू येणार नाही. विषाणूचं बाहेरचं प्रथिन, हिमॅग्लुटिनिन (एच५ हा त्याचाच एक प्रकार), तेवढं वेगळं बनवून मिळतं. टेक्सासच्या गाईतल्या विषाणूचं तेच मागवलं आहे.

१८ मे

लॅम्प्री पाहिला. प्रयोगासाठी मासा लागत नाही, जनुकांचे क्रम उपलब्ध आहेत. पण ज्याच्याकडून उसनं घेतोय त्याला एकदा बघावं असं वाटत होतं.

काचेला चिकटलेलं गोल तोंड, आत दातांची वर्तुळं, जबडा नाही. अंग वामसारखं. आपल्याकडच्या पाण्यात लॅम्प्री नाही, म्हणून मराठीत त्याला नावही नाही. इथे मात्र तो सगळ्यांना माहीत आहे, आणि नकोसा आहे. अटलांटिकमधला हा मासा कालव्याच्या वाटेने नायगारा चुकवून वर आला आणि १९३८ पर्यंत सुपीरियर सरोवरात पोहोचला. इतर माशांच्या अंगाला चिकटून रक्त पितो. त्याने इथल्या लेक ट्राउट माशांचा धंदा बुडवला. १९५८ पासून ओढ्यांत खास रसायन सोडून त्याची पिल्लं मारतात. ही पिल्लं आंधळी असतात आणि ओढ्याच्या गाळात कित्येक वर्षं पडून पाणी गाळून खातात. गाळात, जंतूंच्या गर्दीत, इतकी वर्षं जगायचं म्हणजे बचावाची सोय चांगलीच हवी.

२२ मे

त्या सोयीबद्दल. आपल्या, गाईच्या, कोंबडीच्या, अगदी शार्कच्याही अंगात प्रतिपिंडाचा मूळ घाट एकच आहे. जबडा नसलेल्या माशांची वाट सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली आणि त्यांनी तेच काम दुसऱ्याच मालातून उभं केलं. २००४ मध्ये झीव पॅन्सर, मॅक्स कूपर आणि सहकाऱ्यांनी ते सी लॅम्प्रीत दाखवलं. या रेणूंना व्हीएलआर म्हणतात. ल्युसिन हे अमिनो आम्ल ठरावीक अंतराने येणारे छोटे तुकडे एकापुढे एक रचले जातात आणि नालासारखी बाकदार पट्टी तयार होते. नालाच्या आतल्या बाजूला शत्रूचा रेणू बसतो. लॅम्प्रीच्या मूळ जनुकात मधला भाग नसतोच. आजूबाजूला विखुरलेल्या शेकडो तुकड्यांमधून प्रत्येक पेशी आपला क्रम नक्कल करून घेते. यातून होऊ शकणारे प्रकार दहाच्या चौदाव्या घातापर्यंत जातात.

कूपर हे नाव वाचलं आणि नवापूरचे, कोंबड्या पाळणारे काका आठवले. याच माणसाने १९६५ मध्ये कोंबडीच्या पिल्लांवर काम करून दाखवलं होतं की प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी बर्सा या अवयवातून येतात. 'बी पेशी'तला बी हा बर्साचा. काका प्रत्येक लॉटला गंबोरोची लस पाजायचे. गंबोरो ही त्याच बर्साचा नाश करणारी साथ.

२३ मे

एक लेख वाचून थोडी खचले. २०१५ चा आहे. लॅम्प्रीला निष्क्रिय इन्फ्लूएन्झा विषाणू टोचला तर त्याच्या प्रतिसादातला सुमारे ८० टक्के भाग हिमॅग्लुटिनिनवरच जातो, आणि तोही बहुतेक उंदराची प्रतिपिंडं जिथे बसतात त्याच जागांवर. मी तर असं धरून चालले होते की इतक्या दूरच्या प्राण्याला विषाणूची वेगळी बाजू दिसेल.

बाईंचं म्हणणं : म्हणूनच मासा टोचायचा नाही. टोचला की कुठे बसायचं हे मासा ठरवतो. यीस्टवर कृत्रिम संग्रह केला, म्हणजे प्रत्येक यीस्ट पेशीच्या अंगावर रेणूचा वेगळा प्रकार बसवला, तर निवड आपल्या हातात राहते. शिवाय साच्याचा फायदा जातोच कुठे? दुधात गाईची स्वतःची प्रतिपिंडं भरपूर असतात, आणि उंदराच्या प्रतिपिंडांवर बनवलेल्या चाचण्यांत ती मध्ये लुडबुड करू शकतात. लॅम्प्रीच्या रेणूला प्रतिपिंडासारखी शेपटीच नाही, त्यामुळे गाईच्या प्रतिपिंडांना पकडायला जागा नाही.

४ जून

संग्रहाचा आराखडा संपवला. नालाच्या दोन टोकांना झाकणारे तुकडे, म्हणजे दोन टोप्या, तशाच ठेवल्या, मधल्या तुकड्यांमध्ये नालाच्या आत तोंड करून असलेल्या जागाच बदलत्या ठेवल्या. ल्युसिनला हात लावला नाही, ती घराची तुळई आहे. शेवटच्या टोपीतून एक वेटोळं बाहेर येतं, तेही बदलतं ठेवलं. लायसोझाइम आणि रक्तगटाच्या साखरेबरोबरच्या ज्या रचना प्रसिद्ध आहेत त्यांत हे वेटोळं बोटासारखं पुढे येऊन पकड पक्की करतं.

१२ जून

यीस्टमध्ये डीएनए घातला. विजेचा झटका देताना दोन क्युव्हेट फुटल्या, बाकी ठीक. साध्या साखरेतून गॅलॅक्टोजच्या माध्यमात हलवलं, २० अंशांवर ठेवलं. उद्या प्रत्येक पेशी आपापला नाल अंगावर मिरवत असेल.

२७ जून

निवडीच्या तीन फेऱ्या झाल्या. सॉर्टरच्या (चमकणाऱ्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर आज ठिपक्यांचा एक पुंजका वर सरकलेला दिसला. मी उभी राहूनच पाहत होते.

३० जून

पुंजका खोटा. एच५ न घालता तीच चाचणी केली, पेशी तितक्याच चमकल्या. आम्ही एच५ला बायोटिन जोडतो आणि ते दिसावं म्हणून बायोटिनला घट्ट धरणारं, चमकणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन लावतो. माझ्या यीस्टने स्ट्रेप्टॅव्हिडिनलाच पकडायला शिकून घेतलं. एच५विनाची नळी मी दुसऱ्या फेरीपासूनच लावायला हवी होती. घाई झाली. तीन आठवडे गेले.

६ जुलै

रविवार, घरी फोन. काकांनी विचारलं, "काय चाललंय गं तुझ्या माशांचं?" सांगितलं, चुकीच्या गोष्टीला चिकटले. ते म्हणाले, "आमचंही तेच झालं होतं की."

मी तेव्हा सहा वर्षांची होते. जे आठवतं ते तुकड्यांत, बाकीचं आज काकांनी पुन्हा सांगितलं. जानेवारी २००६ च्या शेवटी शेडमध्ये मरतुक सुरू झाली. तुरे निळे पडलेले, माना वाकड्या, हिरवट विष्ठा. मानमोडीतही असंच होतं. मानमोडी म्हणजे राणीखेत, लेअर (अंड्यांच्या कोंबड्या) पाळणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी पाहिलेली असते. लासोटा, म्हणजे तिची लस, पाजलेला होता, तरी सगळ्यांनी हेच धरलं की लस वाया गेली, थंडीत गेली, गरम झाली, काहीही. पुन्हा लस पाजली. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात टाकत राहिले. काही व्यापाऱ्यांनी पडत्या भावात जिवंत माल उचलून नेला. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल जाहीर झाला : एच५एन१, भारतातला पहिला. मग पांढरे पोशाख घातलेली माणसं, चुन्याचे खड्डे, आणि लाखो पक्षी. आमच्या शेडमधला एकही उरला नाही. काकांनी नंतर तिथे कांदा साठवला, कोंबडी पुन्हा आणली ती सात वर्षांनी.

"चार दिवस आधी कळलं असतं," ते म्हणाले, "तर तो माल तरी बाहेर गेला नसता."

त्यांना विचारलं, हल्ली काय परिस्थिती. या जानेवारीतलं सगळं त्यांना पाठ आहे : उदगीरचे कावळे, त्याआधी डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यातले तीन वाघ आणि एक बिबट्या. सगळ्यांचे नमुने भोपाळलाच गेले.

१५ जुलै

निवड नव्याने. आता दर फेरीआधी पेशी नुसत्या स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या चुंबकी मण्यांवरून फिरवते, चिकटतात त्या फेकते. शोधायचं रसायनही आलटून पालटून : एका फेरीत स्ट्रेप्टॅव्हिडिन, पुढच्या फेरीत बायोटिनविरोधी प्रतिपिंड. एच५विनाची नळी प्रत्येक वेळी.

२४ जुलै

या वेळी पुंजका खरा आहे. एच५विना अंधार, एच५बरोबर उजेड. वेगवेगळ्या तीन क्रमांचे क्लोन मिळाले : ल-३, ल-७, ल-१२.

आणि ल-७ ने साध्या मानवी फ्लूच्या एच१ लाही धरलं! एच१ आणि एच५ दूरचे भाऊबंद, दोघांचे देठ सारखे. हिमॅग्लुटिनिनचं डोकं सतत वेश बदलतं, देठाला तेवढी मोकळीक नाही. ल-७ देठावर बसत असेल तर उद्या विषाणूने डोकं बदललं तरी पट्टी चालत राहील. आज झोप येणार नाही.

३१ जुलै

ल-७ देठावर बसत नाही. तो विषाणूवरच बसत नाही.

हिमॅग्लुटिनिन निसर्गात तिघांच्या जुडीत असतं. वेगळं बनवताना जुडी सुटू नये म्हणून त्याच्या बुडाशी फोल्डॉन नावाचा तुकडा जोडतात. तो मूळचा एका जिवाणूभक्षक विषाणूचा. आमचं एच५ आणि एच१ दोन्ही फोल्डॉनवर बांधलेली. शेजारच्या गटाकडून फोल्डॉन असलेलं, फ्लूशी काहीच संबंध नसलेलं एक प्रथिन मागून आणलं. ल-७ त्यालाही तितक्याच प्रेमाने चिकटला.

बाईंनी मला कॉफी पाजली आणि एकच विचारलं : ल-३ आणि ल-१२ चं काय? दोघांनीही ते प्रथिन सोडून दिलं, एच१ सोडून दिलं, एच५च्या नुसत्या डोक्याच्या तुकड्याला धरलं. म्हणजे दोन खरे आहेत. तपासणीसाठी डोक्यावर बसणारेही चालतात, फक्त विषाणू बदलत जाईल तसतसं त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागेल. पट्टी स्वस्त असेल तर दर दोन वर्षांनी रेणू बदलणं अवघड नाही. औषधाला ही मुभा नसते. मे महिन्यातला बाईंचा आग्रह आज पुरता समजला.

७ ऑगस्ट

ल-३ जिवाणूत बनवायला घेतला. ई. कोलाय भरभरून वाढला, प्रथिनही भरपूर, पण सगळं गाळात. जेलवर (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून दाखवणाऱ्या थरावर) वरच्या पाण्याच्या रांगेत काही नाही, खालच्या गाळाच्या रांगेत जाडजूड पट्टा.

कारण सरळ आहे. दोन्ही टोप्यांमध्ये मिळून आठ सिस्टिन अमिनो आम्लं, त्यांच्या जोड्यांच्या चार गाठी, ई. कोलायच्या पोटात त्या गाठी बसायचं वातावरण नाही. गाठी चुकल्या की प्रथिन चुरगळून गोळा होतं.

२० ऑगस्ट

गाठी बसवून देणारा खास ई. कोलाय वापरला, १६ अंशांवर रात्रभर. थोडं विरघळलं, फार नाही. मग दक्षिण कोरियातल्या गटाची २०१२ ची युक्ती : लॅम्प्रीची पहिली टोपी काढून तिथे लिस्टेरिया जिवाणूच्या इंटर्नलिन-बी प्रथिनाची टोपी बसवायची. तिच्यात गाठी नाहीत आणि घडी पटकन पडते, मागचे तुकडे तिच्या आधाराने एकेक करून बसतात. मूळ कल्पना वाचताना मला जोडकाम वाटलं होतं. आज वरच्या पाण्याच्या रांगेत स्वच्छ पट्टा आहे, अपेक्षित वजनाच्या जागी. एका लिटरमधून इतकं प्रथिन निघालं की आधीच्या दोन आठवड्यांचं सगळं एकत्र केलं तरी त्याच्या जवळ जाणार नाही.

ल-३ नव्या टोपीनेही एच५ धरतो. हे तपासल्याशिवाय घरी गेले नाही.

३ सप्टेंबर

पकड मोजली. ल-३ धरतो पटकन, आणि सोडतोही पटकन. आलेख वर चढतो, धुवायला सुरुवात केली की उतरतो. ल-१२ थोडा बरा. पट्टीवर दूध वाहत जाणार, इतकी ढिली पकड चालणार नाही.

माशाला हीच अडचण येत असणार, आणि त्याने ती कशी सोडवली ते त्याच्याच रेणूत आहे. लॅम्प्री आपला व्हीएलआर-बी एकेकटा रक्तात सोडत नाही. बुडाच्या देठाने आठ-दहा एकत्र बांधून सोडतो. एकाचा हात सुटला तरी बाकीच्यांचे धरलेले असतात.

तो देठ ई. कोलायमध्ये नीट बांधला जाणं कठीण. माणसाच्या पेशींमध्ये करता येईल, पण मग स्वस्ताई गेली. यावर दोन दिवस डोकं खाजवलं. उत्तर आमच्या सहकाऱ्याने दिलं (त्याच्या घरी गाई आहेत, दुधाबद्दल त्याचं बोलणं मी लिहूनच घेते) : पट्टीवर लाल रेघ येते ती सोन्याच्या कणांमुळे. एका कणावर ल-३ चे कित्येक रेणू बसतील. देठाचं काम सोन्याचा कण करेल.

दुसरी सोयही जुळून आली. अशा पट्टीला साधारण दोन वेगळे रेणू लागतात, एक रेघेवर पकडायला आणि एक सोन्यावर दाखवायला, आणि दोघांनी एकमेकांची जागा अडवून चालत नाही. हिमॅग्लुटिनिन तिघांची जुडी, विषाणूवर अशा शेकडो. एकच ल-३ दोन्हीकडे वापरला तरी जागा उरतात.

१८ सप्टेंबर

पाण्यात सुंदर रेघ. दुकानातल्या दुधात एच५ मिसळून घातलं तर ल-१२ ची रेघ जवळजवळ गेली, ल-३ ची फिकी झाली.

सायीचा दोष अर्धा. दूध फिरवून साय काढली की पट्टी तुंबत नाही. उरलेल्या अर्ध्यावर माझा संशय असा : दुधातल्या बऱ्याच प्रथिनांवर सियालिक आम्ल (एक प्रकारची साखर) असतं, आणि हिमॅग्लुटिनिनचा धंदाच सियालिक आम्लाला धरण्याचा. ल-१२ हे आम्ल धरणाऱ्या खळग्याच्या काठावर बसत असेल तर दूध त्याची जागा आधीच अडवून ठेवतं. ल-१२ बाजूला ठेवला. सगळा जोर ल-३ वर.

एक काळजी वहीत राहू दे. आजारातून उठत असलेल्या गाईच्या दुधात तिची स्वतःची एच५विरोधी प्रतिपिंडं असतील आणि ती डोकं झाकून टाकतील. पट्टी पहिल्या दिवसांसाठी आहे, नंतरच्या नाही, हे पट्टीच्या पाकिटावर ठळक छापावं लागेल.

२ ऑक्टोबर

साय काढलेलं दूध, थोडा साबण, थोडं जास्त मीठ. रेघ परत आली. पंधरा मिनिटांत डोळ्यांनी दिसते. पीसीआरच्या जवळपासही नाही, विषाणू कितीतरी कमी असला तरी ती पकडते. पण चीक झालेल्या दुधात विषाणू थोडाथोडका नसतो.

९ ऑक्टोबर

काकांचा प्रश्न मे महिन्यापासून डोक्यात होता, तो आज लावला : मानमोडी की हा? राणीखेतच्या विषाणूचंही एक पृष्ठभागावरचं प्रथिन असतं, तेही सियालिक आम्लाला धरतं. ते मागवून ल-३ च्या पट्टीवर घातलं. तीन पट्ट्या राणीखेतच्या, तीन एच५च्या, तीन नुसत्या. रेघ फक्त एच५वर.

नऊ पट्ट्यांचा फोटो काकांना पाठवला. नवापूरला तेव्हा पहाट होती, तरी लगेच फोन आला. सगळं नीट ऐकून घेतलं, कोणती रेघ कशाची ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, "हे दुधाचं झालं, पोरी. कोंबडीचं काय? विष्ठेवर चालेल का?"

विष्ठेत आम्लं, पित्त, वाळू, भुसा. आम्ही एकदाही तपासलेलं नाही.

उद्या : विद्यापीठाच्या पोल्ट्री फार्मला फोन करून निरोगी कोंबड्यांचे स्वॅब मागायचे. गाळायला कापूस की कागद, दोन्ही करून बघायचं. ल-३ चा नवा घाणा लावायचा, साठा दोन आठवडे पुरेल इतकाच आहे.